मी कुठे नाही म्हणतोय?

पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ३६, बायकोचं ३३. लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी सात वर्षांची, धाकटा दोन वर्षांचा. धाकट्यानंतर बायको गोळ्या घेत होती. मधूनच एखादी गोळी राहून जायची, आणि गोळ्या सुरू झाल्यापासून डोकं जास्त दुखतं असं ती म्हणते. कंडोमचं आमचं कधी नीट जमलं नाही. गेल्या महिन्यात तिची पाळी बारा दिवस पुढे गेली. ते दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. शेवटी पाळी आली, पण तेव्हापासून तिने एकच धरलंय: आता तांबी (कॉपर-टी) बसवायची, नाहीतर दंडात घालतात ते इम्प्लांट घ्यायचं.

मी म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर. शरीर तुझं आहे. मी कुठे नाही म्हणतोय?" मला वाटलं, आपण समजूतदारपणे बोललो. ती मात्र गप्प झाली ती दोन दिवस गप्पच. मग एवढंच म्हणाली, "नाही म्हणत नाहीस, तेवढंच करतोस." माझं चुकलं काय, हे मला अजून कळलेलं नाही. बायकोला असलं काही करूच न देणारे नवरे माझ्या ओळखीत आहेत. मी त्यातला नाही.

आता खरं सांगतो. मनातून मला ते नकोसं वाटतं. एक मित्र म्हणाला, तांबीचा दोरा टोचतो. त्याच्या वहिनीची तांबी म्हणे वर सरकली. पाच-दहा वर्षं शरीरात एक वस्तू राहणार, पुढे काही झालं तर? उद्या तिसरं मूल हवंसं वाटलं तर? हे मी तिच्याशी बोललेलो नाही, कारण बोललो की मी अडवतोय असं होणार. गप्प बसलो तर सोबत नाही असं होतं. माणसाने करावं काय? तिच्याबरोबर डॉक्टरकडे जावं का? तिथे तर सगळ्या बायकाच असतात.

– एक नवरा

उत्तर

नमस्कार.

'मी कुठे नाही म्हणतोय' हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षं काम केलं, पण ते नवऱ्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलंय. मला ते बायकांकडून कळतं. मी विचारते, "घरी बोलणं झालंय ना?" ती म्हणते, "हो, ते नाही म्हणत नाहीत." हे सांगताना तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे असतं. मनात हिशेब चालू असतो: पुन्हा कुठल्या दिवशी यायला जमेल, मुलांना कुणाकडे ठेवायचं, त्या रात्री पोटात दुखलं तर धाकट्याला कोण झोपवणार. 'नाही म्हणत नाहीत' म्हटल्याने यातलं एकही काम तिच्या डोक्यावरून उतरलेलं नसतं. तुमच्या बायकोने हेच सांगितलं, फक्त पाच शब्दांत.

तुम्ही वाईट नवरा आहात असं मला अजिबात वाटत नाही. वाईट नवरे मला पत्रं लिहीत नाहीत. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही इतक्या घाईने ओलांडलंत की मी तिथेच अडकले. "कंडोमचं आमचं कधी नीट जमलं नाही." आमचं म्हणजे कुणाचं? कंडोम कुणाला नको होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी अंदाज करते, चुकला तर माफ करा. तो तुम्हाला नको होता, म्हणून गोळ्या तिने घेतल्या. रोज आठवणीने घेण्याचं काम तिचं, डोकं दुखणार तिचं, आणि एखादी राहिली की "विसरलीस कशी?" हेही तिलाच. मग ते बारा दिवस. दोघांनी काढले, मान्य. पण तपासणीचं किट दुकानात जाऊन मागितलं कुणी? सकाळी बाथरूमचं दार लावून, त्या पट्टीवर एक रेघ उमटते की दोन, हे बघत उभं कोण होतं? तुमची काळजी डोक्यात होती, तिची पोटात होती.

एवढं झाल्यावर ती म्हणते, आता मला रोज लक्षात ठेवावं लागणार नाही असं काहीतरी हवं. त्यावर तुमचं उत्तर, "शरीर तुझं आहे." वाक्य बरोबरच आहे. अडवणाऱ्याला ऐकवायला ते तिच्या हातात असलंच पाहिजे. पण तिला अडवत कोणीच नव्हतं. तिला कोणीतरी शेजारी बसायला हवं होतं, आणि नेमकं तेव्हा तुम्ही तेच वाक्य म्हणून उठून गेलात.

ठरवायचं कुणी, यावर जगाने पुष्कळ काथ्याकूट केला आहे. १९६८ साली तेहरानला संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद भरली. मुलं किती आणि किती अंतराने, हे ठरवण्याचा हक्क तिथल्या जाहीरनाम्यात 'पालकांना' दिला गेला. सहा वर्षांनी बुखारेस्टच्या लोकसंख्या परिषदेत 'पालक' जाऊन 'जोडपी आणि व्यक्ती' असे शब्द आले. त्या 'व्यक्ती'मुळे एकट्या बाईचा निर्णय कागदावर तरी मोकळा झाला. पुढे १९९४ ला कैरोत पुरुषांच्या जबाबदारीबद्दल वेगळा भागच लिहिला गेला. म्हणजे आधी तिचा निर्णय तिच्या हातात दिला, मग त्याला मदतीला बोलावलं. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ घरांत तो उलटा असतो. आधी त्याची परवानगी, मग तिचा निर्णय, आणि मदतीचं नावच नाही.

क्रम उलटला की काय होतं, हे झांबियातल्या एका प्रयोगात आकड्यांत दिसलं. बायकांना गर्भनिरोधक सेवा मिळवून देण्यात आली; काहींना एकट्याने, काहींना नवऱ्यासोबत. ज्यांना नवऱ्यासोबत मिळाली, त्यांचं ती सेवा घ्यायला जाण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी भरलं, लपवता येतील अशी साधनं वापरण्याचं २५ टक्क्यांनी कमी, आणि मूल होण्याचं २७ टक्क्यांनी जास्त. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा बऱ्याच जणांनी त्यातून एवढंच उचललं की नवऱ्यांना लांब ठेवा. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: एकट्याने साधन मिळालेल्या बायकांनी आपण कमी सुखी असल्याचं सांगितलं. नवऱ्यापासून लपवून दंडात काडी बाळगायची, ती जागा दिसू नये म्हणून बाही खाली ओढायची, याचा भार येतोच.

याच्या उलट गोष्ट अदिस अबाबातली, १९९३ साली छापून आलेली. तिथे घरोघर जाऊन कुटुंबनियोजनाची माहिती दिली. काही घरांत फक्त बायकोशी बोलले, काही घरांत नवऱ्यालाही बसवून घेतलं. वर्षभराने पाहिलं तर नवरा बसलेल्या घरांत आधुनिक साधनं वापरणारी जोडपी ३३ टक्के होती, दुसऱ्या घरांत १७. दोन देश, दोन उलटी उत्तरं. मी त्याचा अर्थ असा लावते की नवऱ्याला माहिती मिळाली तर बाईला बळ येतं, आणि नवऱ्याच्या हातात किल्ली गेली तर बाई मागे सरते. नवरा तोच, खोलीही तीच. तो तिथे कशाला बसलाय, यावर सगळं ठरतं.

तेव्हा डॉक्टरकडे जावं का, याचं उत्तर मी देणार नाही. ते तिला विचारा. "मी येऊ का?" एवढंच विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. ती नको म्हणाली तर घरी मुलांजवळ थांबायचं, तोंड न पाडता. हो म्हणाली तर जायचं. बायका असतात तिथे, खरंच असतात. तुम्ही दोन खुर्च्या सोडून अवघडून बसाल, मोबाईलमध्ये डोकं घालाल. तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही, कारण तिथल्या प्रत्येकीच्या डोक्यात तिचं तिचं चाललेलं असतं. आणि एक आधीच सांगून ठेवते. मी पहिली पाच मिनिटं बाईला एकटीला भेटते, नवरा कितीही चांगला असला तरी. तुमच्या डॉक्टरांनीही तसं केलं तर मनाला लावून घेऊ नका. सगळ्या नवऱ्यांना एकच नियम लावला, तरच त्यातल्या एखाद्या त्रासदायक नवऱ्यालाही बाहेर बसवता येतं.

आता तुमच्या मित्राची तांबी.

माझ्या टेबलाच्या खणात नमुन्याची एक तांबी असते. एकदा असाच एक नवरा बायकोसोबत आला होता, सारखा म्हणत होता, "एवढी मोठी वस्तू आत?" मी खण उघडून ती त्याच्या तळहातावर ठेवली. पांढऱ्या प्लास्टिकचा इंग्रजी टी, साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, उभ्या दांडीला केसासारखी तांब्याची तार गुंडाळलेली, आणि खाली लोंबणारे दोन दोरे. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढीच?" त्याच्या मनात ती पान्याएवढी झाली होती! दोरा त्याने चिमटीत धरून पाहिला, आणि बायकोकडे बघून हसला. बाईचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला. तुम्हीही जाल तेव्हा मागून घ्या, हातात घेऊन बघा. ऐकलेल्या गोष्टीवर हा सगळ्यात चांगला उतारा आहे.

दोरा टोचतो का? कधीकधी जाणवतो, खोटं कशाला सांगू. तो नायलॉनसारखा असतो, काही दिवसांनी मऊ पडतो आणि आतल्या आत वळून बसतो. फार आखूड कापला गेला तर टोकाला ताठ राहतो. तरीही त्रास झालाच तर पुढच्या तपासणीत तो गर्भाशयाच्या तोंडाशी कापून घेता येतो. मग तुम्हाला कळणार नाही, फक्त तिला बोटाने चाचपून दोरा तपासता येणार नाही. दोन मिनिटांचं काम. यासाठी बायकोने साधनच बदलावं असं म्हणणारे नवरे मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वर सरकण्याचं म्हणाल, तर गर्भाशय ही वर बंद असलेली पिशवी आहे. तिथून वस्तू फिरत फिरत छातीपर्यंत जात नाही. दोरा आत ओढला जातो आणि दिसेनासा होतो, हे बऱ्याचदा घडतं. सोनोग्राफीत बघितलं की तांबी सहसा जागेवरच सापडते. बसवताना गर्भाशयाच्या भिंतीला छिद्र पडणं हा खरा धोका आहे, पण तो हजारात एक-दोघींना. तांबी वर जाण्यापेक्षा खाली घसरून बाहेर पडणं कितीतरी जास्त घडतं, पहिल्या वर्षात साधारण वीसात एकीला. म्हणून पाळीनंतर दोरा चाचपायला सांगतात.

या सगळ्या भीतीला एक जुनं मूळही आहे. १९७१ ते १९७४ या काळात अमेरिकेत 'डाल्कन शील्ड' नावाचं एक साधन विकलं गेलं. त्याचा दोरा शेकडो बारीक धाग्यांचा होता, आणि वातीने तेल चढावं तसे जंतू त्यावरून आत चढत. बायकांना गंभीर संसर्ग झाले, काही दगावल्या, काहींना पुन्हा मूल झालं नाही. ते साधन गेलं, पण तांबीने वांझपण येतं हा समज मागे राहिला. आजच्या तांबीचा दोरा एकसंध असतो. बसवल्यानंतरच्या पहिल्या वीसेक दिवसांत संसर्गाची शक्यता थोडी जास्त असते, पुढे नाही. आणि तीही मुख्यतः आधीच गुप्तरोगाचा संसर्ग असेल तर. त्या वीस दिवसांत ताप आला, ओटीपोटात जोरात दुखलं, घाण वासाचं पाणी गेलं तर थांबायचं नाही, डॉक्टरकडे. हे तिच्याइतकंच तुम्हालाही पाठ हवं, कारण तापाने फणफणलेल्या माणसाला यादी आठवत नाही.

तिसऱ्या मुलाबद्दल निर्धास्त राहा. तांबी काढली की त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. इम्प्लांट काढल्यावरही काही आठवड्यांत बीज सुटू लागतं. उशीर होतो तो तीन महिन्यांच्या इंजेक्शनने. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बऱ्याच जणींना नऊ-दहा महिने लागतात. जुन्या बायका 'पाळणा लांबवणं' म्हणतात ते अगदी नेमकं आहे. पाळणा लांबतो, मोडत नाही.

आणि ती हट्ट करते आहे असं वाटत असेल तर हे आकडे बघा. शंभर जोडपी वर्षभर एखादं साधन जसं वापरलं जातं तसं वापरतात, म्हणजे चुकत-माकत. 'वेळेवर बाजूला होतो' म्हणणाऱ्या शंभरांत वीस जणींना दिवस जातात. कंडोमवर १३, गोळ्यांवर ७. तांबी किंवा इम्प्लांटवर एकीपेक्षाही कमी. गोळीत खोट नाही, रोज न चुकता घेतली तर तीही फार चांगली. पण दोन वर्षांचं पोर अंगावर असलेल्या बाईकडून रोज त्याच वेळी काहीही होणं अवघड. तुमच्या बायकोने तिचा स्वतःचा अनुभव बघून योग्य निदान केलंय. तिच्या डोकेदुखीबद्दल मात्र डॉक्टरांना नीट सांगा. दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकल्यासारखं, नागमोडी रेघा दिसल्यासारखं होत असेल, तर नेहमीच्या मिश्र हार्मोनच्या गोळ्या तिने मुळीच घेऊ नयेत, पक्षाघाताचा धोका वाढतो. हे आज रात्रीच विचारा तिला.

तांबी की इम्प्लांट, हे तिचं तिला ठरवू द्या. पण कशावरून ठरवायचं ते दोघांना माहीत हवं. मी त्या दोघांतला फरक एका शब्दात सांगते: रक्तस्राव. तांब्याच्या तांबीने पाळी जड होते, पोटात जास्त दुखतं, विशेषतः पहिले तीन ते सहा महिने. जिला आधीच अंगावरून खूप जातं, रक्त कमी आहे, तिला मी तांब्याची सुचवत नाही. तिच्यासाठी तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी तांबी आहे, तिने पाळी हळूहळू कमी होते आणि वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची थांबतेच. इम्प्लांट म्हणजे काडेपेटीतल्या काडीएवढी मऊ सळी, चार सेंटिमीटर लांब, दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली. भूल देऊन काही मिनिटांत बसते, आठवडाभर तिथे काळंनिळं दिसतं, बोटाने चाचपली की लागते. तिचं वेळापत्रक मात्र नसतं. एखादीला महिनोन्‌महिने काही नाही, एखादीला थेंब थेंब पंधरा दिवस. पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठतंय असं नाही, हेही ऐकून ठेवा. अस्तर वाढतच नाही, तर जाणार काय? तांब्याची तांबी दहा वर्षं चालते, इम्प्लांट किमान तीन वर्षं. टीबीची किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर इम्प्लांटचा जोर कमी पडतो, ते आधी सांगायचं. दोन्हींपैकी काहीच गुप्तरोगांपासून वाचवत नाही.

खरं काम बसवल्यानंतर सुरू होतं, आणि तुमची जागा तिथे आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत बायका साधन काढायला येतात, आणि त्यातल्या निम्म्याजणींशी बोलताना मला वाटतं की हिला साधनाने जेवढं छळलं नाही तेवढं घराने छळलंय. थेंब थेंब चालूच आहे, आणि नवरा विचारतो, "अजून संपलं नाही?" तो काळजीने विचारत असेलही. तिला ते उलटतपासणीसारखं ऐकू येतं. शेजघरातला रुसवा वेगळाच.

याउलट एकजण माझ्या लक्षात राहिलाय. बायकोला इम्प्लांट घेऊन पाच महिने झाले होते, ती वैतागून आली होती, "रोजच जातंय, काढून टाका." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. पाच महिन्यांची रकाने पाडलेली वही-पानं, जास्त गेलं त्या दिवशी मोठा ठिपका, थोडं गेलं तर बारीक. तिनेच त्याला सांगितलं होतं, मी विसरते, तू लिहून ठेव. आम्ही तिघांनी तो कागद टेबलावर पसरला. पहिल्या महिन्यात ठिपक्यांची गर्दी, पाचव्यात चार बारीक ठिपके. ती बघत राहिली, मग म्हणाली, "अजून दोन महिने बघते." तिला थांबायला ना त्याने सांगितलं, ना मी.

आणि ती म्हणाली असती, "नाही, काढाच," तर मी त्याच दिवशी काढलं असतं. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण पाठिंब्याची खरी परीक्षा बसवताना होत नाही, काढताना होते. "आता बसवलंच आहे तर सहन कर थोडं" हे वाक्य मनातसुद्धा आणू नका. दीर्घकाळाचं साधन याचा अर्थ दीर्घकाळ चालू शकणारं. चालवलंच पाहिजे असं नव्हे. जे तिला हवं तेव्हा काढता येत नाही, ते तिने निवडलं असं कसं म्हणायचं? नवऱ्याच्या सहीची अट गर्भनिरोधकांसाठी असू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बसवायला नको, तशी काढायलाही नको.

आता तुमचा अवघड प्रश्न. मनातली अढी तिच्याशी बोलू की नको? बोला. तुम्ही पत्रात मला जे लिहिलंत, ते तिला ऐकायला नक्की आवडेल, निदान शेवटचे दोन परिच्छेद. न बोलल्याने भीती जात नाही, ती चेहऱ्यावर दिसते, आणि ती दिसल्यामुळेच तर बायको दोन दिवस गप्प होती, असा माझा अंदाज आहे. फक्त बोलताना भीती तुमची म्हणून सांगा, तिच्या निर्णयाची चूक म्हणून सांगू नका. "तांबी धोक्याची असते" हा तिला दिलेला धाक झाला. "मला भीती वाटते की तुला काही होईल, आणि दोऱ्याचं कुणीतरी काहीतरी सांगितलंय ते डोक्यातून जात नाही, आपण दोघं विचारूया का?" यात ती तुम्हाला हसेल कदाचित. हसू द्या. आणि तुमचं ऐकूनही तिने तांबीच घेतली, तर आपलं ऐकलं नाही असं धरून बसू नका. तिने ऐकलं, मानलं नाही, एवढंच. आपलं म्हणणं ऐकवण्याचा हक्क तुम्हाला आहे, नकाराधिकार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. तिसऱ्या मुलाचं तुमचं अजून ठरलेलं नाही, म्हणून आज मी ती सुचवत नाही. पण ज्या दिवशी दोघांचं 'आता पुरे' ठरेल, त्या दिवशी तिच्या ऑपरेशनच्या आधी तुमच्या नसबंदीचा विषय निघायला हवा. १९७४ साली चीनमध्ये ली शुनछियांग यांनी बिनटाक्याची पद्धत काढली; तेवढ्या जागेची भूल, बारीकसं छिद्र, त्याच दिवशी घरी. बायकांच्या ऑपरेशनसारखं पोट उघडावं लागत नाही. ताकद जात नाही, इच्छा जात नाही, वीर्यही येतं, त्यात फक्त शुक्राणू नसतात. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, एवढं पथ्य. उलट करता येईल या भरवशावर मात्र ती करू नये. हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर ठीक आहे. आपल्या शरीरात कुणीतरी काहीतरी करणार म्हटल्यावर कसं वाटतं, ते तिच्याशी बोलायला जाण्याआधी जरा अनुभवून ठेवा.

तर आज मुलं झोपली की टीव्ही लावू नका. तिला विचारा, त्या बारा दिवसांत तुला काय काय वाटलं? मध्ये बोलू नका, उपाय सुचवू नका. मग डोकेदुखीचं विचारा, मग "मी येऊ का?" विचारा. तारीख ठरली तर ती तुमच्या मोबाईलमध्ये टाका, आणि तांबी बसवली तर तीन ते सहा आठवड्यांनी दाखवायला जायचं असतं, तीही तुमच्याच मोबाईलमध्ये. त्या दिवशी संध्याकाळी मुलांचं सगळं तुमच्याकडे, तिने न सांगता. तिला काही दुखत नसलं तरी.

आणि हो, तांब्याची तांबी बसवल्या क्षणापासून काम करते, इम्प्लांट पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत घेतलं तर लगेच, नाहीतर सात दिवसांनी. तोवर कंडोम. तो तुम्हीच आणायचा, आणि जमत नाही हे कारण चालणार नाही.